डॉ. शरदिनी डहाणूकर : गुळवेल, जन्मजात प्रतिकारशक्ती आणि औषधशास्त्राची शिस्त

डॉ. शरदिनी डहाणूकर हे नाव मराठी वाचकाला 'वृक्षगान', 'फुलवा', 'हिरवाई', 'नक्षत्रवृक्ष' या पुस्तकांमुळे ठाऊक आहे. झाडाफुलांवर रसाळ लिहिणाऱ्या लेखिका अशीच त्यांची ओळख आपल्या घराघरांत रुजली. त्यांचे रोजचे काम मात्र मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात चालत असे. तेथे त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक आणि विभागप्रमुख होत्या. आयुर्वेदातील वनस्पतींचा शरीराच्या प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. पुढे त्या नायर रुग्णालयाच्या आणि टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

परिचयमालेतील या नोंदीत आम्ही त्यांच्या संशोधनाची माहिती एकत्र केली आहे. लेखिका म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. संशोधक म्हणून मराठीत फारच थोडे. शिवाय करोनाच्या साथीपासून ज्या गुळवेलीचे काढे घरोघरी उकळू लागले, त्याच गुळवेलीवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम केले होते. त्यांना नेमके काय आढळले आणि काय आढळले नव्हते, हे समजून घेणे आज प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचे आहे.

औषधशास्त्र म्हणजे काय

औषधशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र यांत बोलण्याच्या ओघात अनेकदा गल्लत होते. औषध तयार कसे करायचे, गोळीत किंवा सिरपमध्ये टिकवायचे कसे, हा औषधनिर्माणशास्त्राचा भाग. ते शरीरात गेल्यावर कोणत्या पेशीवर काम करते, किती मात्रेत करते, किती वेळ टिकते, बाहेर कसे पडते आणि अपाय कोणता करते, याचा अभ्यास म्हणजे औषधशास्त्र. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना हा विषय दुसऱ्या टप्प्यात शिकवला जातो. आजारी माणसाची आणि औषधाची गाठ पडते ती याच शास्त्राच्या भरवशावर.

'अमुक वनस्पती गुणकारी आहे' एवढ्या वाक्यावर औषधशास्त्रज्ञाचे समाधान होत नाही. वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या पद्धतीने काढलेला अर्क, किती वजनाला किती मात्रा, कोणत्या रुग्णाला, किती दिवस आणि कशाच्या तुलनेत, ही सहा उत्तरे त्याला हवी असतात. डॉ. डहाणूकरांनी आयुर्वेदाकडे याच सहा प्रश्नांनिशी पाहिले. आयुर्वेदाविषयी त्यांना आस्था होती. डॉ. ऊर्मिला थत्ते यांच्यासमवेत त्यांनी 'आयुर्वेद रिव्हिजिटेड' आणि 'आयुर्वेद अनरॅव्हल्ड' ही इंग्रजी पुस्तके लिहिली. मात्र आस्था आहे म्हणून मोजमापात सूट द्यावी, असे त्यांना वाटले नाही.

जन्मजात प्रतिकारशक्ती

त्यांचे काम समजण्यासाठी प्रतिकारशक्तीचे दोन भाग आधी वेगळे करावे लागतात.

पहिला भाग जन्मजात. बाळ जन्माला येते तेव्हाच तो सोबत असतो. जंतू शरीरात शिरला की पहिल्या काही तासांतच या भागातील पेशी तेथे पोहोचतात आणि जंतूला गिळून मारतात. रक्तातील न्यूट्रोफिल, ऊतींमध्ये दबा धरून बसलेल्या मॅक्रोफेज आणि यकृतात मुक्काम केलेल्या कुप्फर पेशी या सगळ्या भक्षक पेशी याच पथकातल्या. त्या जंतूची नावनिशी लक्षात ठेवत नाहीत. परका दिसला की तुटून पडतात.

दुसरा भाग अर्जित. गोवर एकदा होऊन गेला किंवा लस टोचली की त्या विशिष्ट जंतूची ओळख शरीर लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी नेमकी प्रतिपिंडे तयार करते. या भागाला वेळ लागतो, पण स्मरण पक्के असते.

भक्षक पेशींचा शोध इल्या मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि काट्याभोवती जमलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले. तरीही विसाव्या शतकातील बराचसा काळ संशोधकांचे लक्ष लसी आणि प्रतिपिंडे यांच्याकडेच राहिले. गिळून मारणाऱ्या पेशी म्हणजे साधे पायदळ, असा समज होता. हे पायदळ शत्रू ओळखते कसे, याचा उलगडा पुढे १९९६ मध्ये फळमाशीतील आणि १९९८ मध्ये उंदरातील टोल या ग्राहक-रेणूंवरील कामातून झाला. त्यासाठी ज्युल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परळच्या प्रयोगशाळेतील काम या उलगड्याच्या आधीचे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून डॉ. डहाणूकर आणि त्यांचे सहकारी भक्षक पेशींची ताकद मोजत होते. हे लक्षात घेतले म्हणजे त्यांनी निवडलेल्या वाटेचे वेगळेपण कळते.

प्रश्नाची मांडणी

जंतुसंसर्गावर आधुनिक वैद्यकाचा मुख्य उपाय म्हणजे प्रतिजैविक, अर्थात जंतूला थेट मारणारे औषध. पण शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक अनुभव येतो. योग्य प्रतिजैविक वेळेवर देऊनही काही रुग्ण वाचत नाहीत. मोठी शस्त्रक्रिया, कर्करोगावरची औषधे, यकृताचा आजार, कुपोषण यांनी त्यांच्या भक्षक पेशी आधीच थकलेल्या असतात. प्रतिजैविक जंतूंची संख्या कमी करते, उरलेले जंतू शरीराने स्वतः निपटायचे असतात, आणि नेमके तेच होत नाही.

डॉ. डहाणूकरांच्या गटाने प्रश्न या टोकाकडून धरला. जंतूला मारण्याऐवजी रुग्णाच्या भक्षक पेशींना बळ देता येईल का? आयुर्वेदात 'रसायन' या नावाने ज्या वनस्पती सांगितल्या आहेत, त्यांचा उपयोग येथे होईल का? गुळवेल, शतावरी, अश्वगंधा, आवळा, पिंपळी आणि हिरडा या सहा वनस्पतींवर त्यांनी प्रामुख्याने काम केले.

सुरुवातीच्या प्रयोगांत प्राण्यांच्या पोटात मुद्दाम जंतुसंसर्ग निर्माण केला जाई. आतड्याला छिद्र पडून पोटात पू होतो, त्या स्थितीची ही नक्कल. आधी काही दिवस वनस्पतीचा अर्क दिलेले प्राणी आणि न दिलेले प्राणी यांची तुलना केली जाई. शतावरीचा असा संरक्षक परिणाम त्यांच्या गटाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. गुळवेलीवरचे निष्कर्ष त्यानंतर येत गेले.

भक्षक पेशींचे मोजमाप

प्राणी जगला की मेला एवढेच पाहून भागत नाही. तो का जगला हे सांगावे लागते. त्यासाठी दोन गोष्टी मोजल्या गेल्या. न्यूट्रोफिल जंतूला किती प्रमाणात गिळतात ही पहिली, आणि गिळलेल्या जंतूला पेशीच्या आत किती प्रमाणात मारतात ही दुसरी. या दोन्ही क्षमता वेगवेगळ्या असतात. गिळलेला जंतू पेशीतच जिवंत राहिला तर ती पेशीच त्याचे लपण्याचे ठिकाण बनते.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या पोटात इ. कोलाय हे जंतू सोडले होते. आधी गुळवेल दिलेल्या उंदरांच्या शरीरातून जंतूंचा निचरा लवकर झाला. त्यांच्या न्यूट्रोफिलांची गिळण्याची आणि मारण्याची, अशा दोन्ही क्षमता सुधारल्या होत्या. याच कामातील आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. परीक्षानळीत गुळवेलीचा अर्क थेट जंतूंवर टाकला, तेव्हा तो त्यांना मारू शकला नाही. म्हणजे गुळवेल ही प्रतिजैविक नव्हती. तिचा परिणाम उंदराच्या स्वतःच्या पेशींमार्फत होत होता.

१९८८ मध्ये डॉ. थत्ते आणि डॉ. डहाणूकर यांनी गुळवेल आणि शतावरी यांची तुलना लिथियम कार्बोनेट आणि ग्लुकान या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या ज्ञात पदार्थांशी केली. कर्करोगावरील सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. ही घट दोन्ही वनस्पतींनी रोखून धरली. १९९४ मध्ये आणखी एक पायरी स्पष्ट झाली. गुळवेल दिलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात अस्थिमज्जेला नव्या भक्षक पेशी बनवायला लावणारा गुण वाढलेला आढळला. याच प्रकारचे घटक शुद्ध स्वरूपात औषध म्हणून तेव्हा नुकतेच बाजारात येऊ लागले होते. फिलग्रास्टिम या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९१ मध्ये.

यकृतातील कुप्फर पेशींवरही काम झाले. रक्तात कार्बनचे सूक्ष्म कण सोडायचे आणि ते किती वेळात नाहीसे होतात हे पाहायचे, अशी यासाठी चाचणी आहे. कण लवकर नाहीसे झाले तर कुप्फर पेशी कामावर आहेत असे समजायचे. यकृताला इजा झालेल्या उंदरांत या पेशी मंदावतात. गुळवेलीने त्यांचे काम सुधारल्याचे १९९४ मध्ये नोंदवले गेले.

अवरोधक काविळीच्या रुग्णांवरील अभ्यास

या सगळ्या प्रयोगांचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते काविळीच्या रुग्णांत. येथे सांगितलेली कावीळ आपल्या ओळखीची, दूषित पाण्यातून होणारी नव्हे. पित्तनलिकेत खडा अडकतो किंवा गाठ होते, पित्तरस आतड्यात उतरत नाही आणि तो रक्तात साठतो. तिला अवरोधक कावीळ म्हणतात. तिच्यावर शस्त्रक्रिया लागते, आणि ती जोखमीची असते.

जोखीम कशाने येते ते पाहू. पित्तरस आतड्यात पोहोचला नाही की तेथील जंतूंची विषे अधिक प्रमाणात रक्तात शिरतात. ती गाळण्याचे काम यकृतातील कुप्फर पेशींचे, पण तुंबलेल्या पित्ताने त्याच दुबळ्या झालेल्या असतात. रक्तातील न्यूट्रोफिलही नीट काम करीत नाहीत. मग शस्त्रक्रिया चांगली होऊनही रुग्ण रक्तातील जंतुसंसर्गाने किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस नळी घालून पित्ताचा निचरा करण्याची पद्धत होती. त्याने यकृत काहीसे सावरे. भक्षक पेशींचा दुबळेपणा मात्र तसाच राही.

डॉ. डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे आणि शल्यचिकित्सक डॉ. बापट यांच्या गटाने १९८९ मध्ये उंदरांवर आणि १९९३ मध्ये रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३० रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवड न करता, त्यांचे दोन गट पाडले. आजाराची तीव्रता, यकृताची स्थिती आणि न्यूट्रोफिलांची क्षमता या बाबतींत दोन्ही गट सारखे होते. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, म्हणजे के जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि पित्ताचा निचरा. दुसऱ्या गटाला हेच सगळे उपचार आणि शिवाय निचऱ्याच्या काळात गुळवेलीचा अर्क, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम.

निचरा झाल्यावर यकृताचे काम दोन्ही गटांत सारखेच होते. न्यूट्रोफिलांची गिळण्याची आणि मारण्याची क्षमता मात्र फक्त गुळवेल घेतलेल्या गटात पूर्ववत झाली. रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे पहिल्या गटात ५० टक्के रुग्णांत दिसली, दुसऱ्या गटात एकाही रुग्णात नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातील ४० टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्या गटातील ९२.४ टक्के.

हे आकडे मोठे आहेत, आणि म्हणूनच ते जपून वाचायला हवेत. रुग्ण तीसच होते आणि रुग्णालय एकच. एवढ्या लहान अभ्यासात योगायोगाचा वाटा मोठा असू शकतो. अशा निष्कर्षाने पुढच्या मोठ्या अभ्यासाचे दार उघडते. उपचाराचा नियम त्यावरून ठरत नाही. दुसरी गोष्ट अशी की या अभ्यासाने 'गुळवेलीने कावीळ बरी होते' असे म्हटलेले नाही. यकृताच्या कामात दोन्ही गटांत फरक नव्हता, हे त्यातच नोंदलेले आहे. फरक होता तो भक्षक पेशींत. आणि गुळवेल प्रतिजैविकांसोबत दिली होती, त्यांच्याऐवजी नव्हे.

'रसायन' शब्दाचा औषधशास्त्रीय अर्थ

१९९९ मध्ये डॉ. रेगे, डॉ. थत्ते आणि डॉ. डहाणूकर यांनी वर उल्लेखिलेल्या सहाही रसायन वनस्पतींवरील कामाचा एकत्रित लेख प्रसिद्ध केला. शारीरिक, रासायनिक आणि जैविक अशा निरनिराळ्या ताणांना प्राणी कसे तोंड देतात, हे त्यात तपासले होते. या वनस्पती शरीरक्रिया केवळ वाढवतात की बिघडलेली क्रिया मूळ पदावर आणतात, हा त्यातील लक्षवेधी प्रश्न. सिस्प्लॅटिन या कर्करोगविरोधी औषधाने जठर रिकामे होण्याची क्रिया बिघडते आणि आतड्याची हालचाल प्रमाणाबाहेर वाढते. सहाही वनस्पतींनी जठरावरचा परिणाम उलटवला. गुळवेल आणि शतावरी यांनी आतड्याची वाढलेली हालचालही पूर्ववत केली.

या मांडणीनुसार रसायनाचा गुण 'सुधारणे' किंवा 'सम करणे' असा होतो. 'वाढवणे' हा त्याचा बाजारी अर्थ. या दोन शब्दांतला फरक पुढच्या भागात फार महत्त्वाचा ठरतो.

दीर्घकालीन दाह : नाण्याची दुसरी बाजू

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, दुखते. हा दाह. भक्षक पेशी कामावर आल्याची ती खूण आहे. काम संपले की दाह शमायला हवा. तो शमला नाही, महिनोन्महिने धुमसत राहिला, तर त्याच पेशी शरीराच्या निरोगी भागांचे नुकसान करू लागतात. संधिवाताभ सांधेदुखी, दमा, आतड्याचा क्रोन आजार, सोरायसिस, यकृताचे काही आजार यांच्या मुळाशी असा दीर्घकालीन दाह असतो. यांपैकी काही आजारांत शरीर स्वतःच्याच पेशींना परके समजते.

मग अशा रुग्णाची 'प्रतिकारशक्ती वाढवणे' म्हणजे काय? ज्याच्या सांध्यांत ती आधीच उसळली आहे, तिला आणखी चेतवायचे का? आधुनिक औषधांनी याच्या नेमका उलट मार्ग घेतला. दाहाचा संदेश वाहणाऱ्या टी. एन. एफ. या रेणूला अडवणारी औषधे १९९० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आली आणि संधिवाताभ रुग्णांना मोठा दिलासा मिळाला. पण ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला क्षयरोग जागा झाल्याचे २००१ मध्ये नोंदवले गेले. क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम हाच रेणू करीत होता. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबली तर एक धोका, चेतवली तर दुसरा.

डॉ. डहाणूकरांच्या गटाने दाहाच्या आजारांकडेही पाहिले होते. १९८४ मध्ये लहान मुलांच्या दम्यावर पिंपळीचा उपयोग त्यांनी तपासला. शस्त्रक्रियेनंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटतात, तेथे शतावरीचा परिणाम काय होतो, तेही १९८९ मध्ये पाहिले. या सर्व अभ्यासांत वनस्पती ठरलेली, आजार ठरलेला, मात्रा ठरलेली आणि तुलनेसाठी दुसरा गट ठरलेला असे. 'सर्वांसाठी, सर्व काळ' असा दावा त्यांत नाही.

करोनाकाळ आणि त्यानंतर

२०२० मध्ये साथ आली तेव्हा लोकांच्या हाती उपाय नव्हता आणि भीती होती. 'इम्युनिटी बूस्टर' हा शब्द तेव्हा घराघरांत शिरला. आपल्याकडे हैदराबादेत तेलुगू शेजारी जिला तिप्पतीगा म्हणतात, बडोद्याचे आप्त गळो, बेळगावचे अमृतबळ्ळी आणि इंदूर-ग्वाल्हेरचे गिलोय म्हणतात, ती ही गुळवेल. कुंपणावरची वेल तोडून काढा करणे, बाजारातला रस रोज उपाशीपोटी घेणे, गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवणे, असे सगळे प्रकार झाले.

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची खातरजमा झाली नव्हती, आणि तिच्याशी साधर्म्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीशी गल्लत झाली असावी, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दोन्ही वेली एकाच कुळातल्या.

२०२२ मध्ये आणखी मोठी नोंद आली, आणि तिचा पुढाकार आपल्या हैदराबादचा होता. एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीतील यकृततज्ज्ञांनी देशभरातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्ण एकत्र अभ्यासले. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. यकृताची इजा बहुतांशी स्वतःच्याच पेशींवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या धर्तीची होती. ज्यांच्या यकृतात असा आजार आधीच लपून होता, त्यांच्यात तो उघडा पडला, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

१९९३ चा अभ्यास आणि २०२२ चा अभ्यास वरवर एकमेकांविरुद्ध वाटतात. आमच्या मते ते एकमेकांना पूरक आहेत. परळच्या प्रयोगशाळेने दाखवले की गुळवेल जन्मजात प्रतिकारशक्तीवर खरोखर परिणाम करते. जो पदार्थ खरोखर परिणाम करतो, तो चुकीच्या माणसात, चुकीच्या मात्रेत, चुकीच्या काळापर्यंत दिला तर अपायही करू शकतो. 'नैसर्गिक आहे, बाधणार नाही' हे म्हणणे तेव्हाच खरे ठरेल, जेव्हा ते औषध काहीच करीत नसेल. पेशी थकलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी मोजक्या दिवसांसाठी, मोजलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेला अर्क ही एक गोष्ट. धडधाकट माणसाने, किंवा थायरॉइड वा सांध्यांचा आजार अंगात असलेल्या माणसाने, सहा महिने रोज प्यालेला रस ही वेगळी गोष्ट. बाजाराने पहिल्या गोष्टीचे नाव घेतले आणि दुसरी विकली.

ललितलेखन आणि संशोधन

डॉ. डहाणूकरांची वृक्षांवरची पुस्तके आणि हे संशोधन दोन वेगळ्या खोल्यांत ठेवण्याची गरज नाही. झाडाकडे पाहताना त्याचे पान, फूल, बहराचा महिना, लोकांनी त्याला दिलेली नावे या सगळ्यांची दखल त्या घेतात. वनस्पती नेमकी ओळखणे ही औषधशास्त्राचीही पहिली पायरी आहे. २०२१ चा वाद मुख्यतः याच पायरीवर अडला, हे वर आलेच आहे. घराच्या कुंपणावर चढलेली हृदयाकृती पानांची वेल गुळवेलच आहे, असे ठरवायला नुसती नजर पुरत नाही.

वाचकांसाठी

ही नोंद वैद्यकीय सल्ला नाही. तरी सभासदांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना धरून काही गोष्टी आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

संधिवाताभ सांधेदुखी, थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार, सोरायसिस, ल्युपस किंवा यकृताचा कोणताही जुना आजार असेल, तर गुळवेल स्वतःहून घेऊ नये. अवयवरोपण झालेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. गुळवेल घेत असताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, भूक मेली, मळमळ किंवा विलक्षण थकवा आला, तर ती लगेच थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर 'कोणती औषधे चालू आहेत' असे विचारतात तेव्हा काढा, रस, चूर्ण हेही सांगावे. आपल्याकडे ते सांगायचे राहून जाते, कारण घरचा काढा म्हणजे औषध असे आपण धरतच नाही. वैद्यांकडून घेत असाल तर वनस्पतीचे नाव, मात्रा आणि किती दिवस घ्यायचे हे लिहून मागावे.

ज्येष्ठ मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या गुळवेल वापरली, हे खरे आहे. ती बहुधा ताप आला की चार-आठ दिवस वापरली जाई. डॉ. डहाणूकरांनी त्या परंपरेला मोजपट्टी लावली आणि हाती जे आले ते, तीस रुग्ण, दोन गट, एवढ्या स्पष्टपणे लिहून ठेवले. त्यांच्या कामाचा आधार घेऊन कोणी काही विकायला आले, तर रुग्ण कोणते होते, मात्रा किती होती आणि किती दिवस दिली होती, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.